नागपूर २००८ : धोनीची ८-१ फील्ड आणि पाँटिंगचं चहापानानंतरचं सत्र

ऑफस्टंप

कर्णधाराच्या डावपेचांवर वाद घालताना आपण बहुतेक वेळा निकालापासून सुरुवात करतो. जिंकला तर धाडस, हरला तर घोडचूक. मला एकाच कसोटीतले दोन कर्णधारांचे दोन निर्णय शेजारी ठेवून बोलायचं आहे. भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया, ६ ते १० नोव्हेंबर २००८, नागपूरबाहेर जामठ्याला झालेल्या नव्या मैदानावरची पहिली कसोटी.

आधी परिस्थिती. चार सामन्यांच्या मालिकेत भारत १-० ने पुढे. बंगळूर अनिर्णित, मोहालीत आपण ३२० धावांनी जिंकलो, दिल्ली अनिर्णित. दिल्लीत कुंबळेने निवृत्ती घेतली आणि कसोटीची धुरा धोनीकडे आली. दिल्लीत द्विशतक ठोकणारा गंभीर एका सामन्याच्या बंदीमुळे बाहेर, त्याच्या जागी मुरली विजयचं पदार्पण. गांगुलीची शेवटची कसोटी, लक्ष्मणची शंभरावी. बॉर्डर-गावसकर करंडक ऑस्ट्रेलियाकडे होता, म्हणजे नागपूर जिंकून त्यांनी १-१ केलं असतं तर तो त्यांच्याकडेच राहिला असता. आपल्याला अनिर्णित पुरे होतं, त्यांना जिंकणं भाग होतं. हे डोक्यात न ठेवता या सामन्याबद्दल बोलताच येत नाही.

आपण पहिल्या डावात ४४१ केल्या. सचिन १०९, गांगुली ८५, आणि पदार्पण करणाऱ्या ऑस्ट्रेलियन ऑफस्पिनर जेसन क्रेझाला २१५ धावांत ८ बळी. दुसऱ्या दिवसअखेर ऑस्ट्रेलिया २ बाद १८९. कॅटिच आणि हसी जमलेले, धावा भराभर निघत होत्या. तिसऱ्या दिवशी ते दिवसभर खेळून मोठी आघाडी घेतील अशी रास्त भीती होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी धोनीने ऑफ साइडला आठ आणि लेग साइडला एक क्षेत्ररक्षक लावला. झहीर आणि ईशांतला सांगितलं, ऑफ स्टंपच्या बरंच बाहेर टाका. उपाहारापर्यंत ऑस्ट्रेलियाच्या पन्नासही धावा झाल्या नाहीत. अख्ख्या दिवसात १६६ धावा आणि ८ बळी. सर्वबाद ३५५. आपल्याला ८६ ची आघाडी.

चौथ्या दिवशी सेहवाग आणि विजयने ११६ ची सलामी दिली, आणि मग डाव कोसळला. बिनबाद ११६ वरून चहापानाला ६ बाद १६६. गांगुली पहिल्याच चेंडूवर गेला. एकूण आघाडी २५२. क्रीजवर धोनी आणि हरभजन. आणि चहापानानंतर ऑस्ट्रेलियाचा कर्णधार असलेल्या पाँटिंगने वेगवान गोलंदाजांना बाजूला ठेवून क्रेझाच्या जोडीला हसी आणि कॅमेरून व्हाइटला चेंडू दिला, कारण षटकांची गती मागे पडली होती (म्हणजे ठरलेल्या वेळेत ठरलेली षटकं टाकून झाली नव्हती) आणि कर्णधारावर बंदी येण्याची शक्यता होती. धोनी-हरभजनने १०८ जोडल्या. आघाडी ३६० वर गेली. शेवटी लक्ष्य ३८२, ऑस्ट्रेलिया २०९, आपण १७२ धावांनी जिंकलो, मालिका २-०.

माझं म्हणणं असं : पाँटिंगने सामना घालवला असं आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो आहोत, आणि त्यामुळे धोनीच्या तिसऱ्या दिवसाचं मोल झाकलं गेलं. धोनीने मालिकेची गरज ओळखली आणि त्यासाठी लोकांच्या शिव्या खायची तयारी ठेवली. पाँटिंगसमोर तशीच निवड आली तेव्हा त्याने मालिकेपेक्षा पुढच्या सामन्यातल्या आपल्या जागेला जास्त वजन दिलं. तुमचं मत सांगा.

सदरकर

विषय काढलात, बरं वाटलं राजेहो. मी तिसऱ्या दिवशी जामठ्याला होतो. आमचं जुनं व्हीसीएचं (विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं) मैदान गावात, सदरला, चालत जावं असं. जामठा वर्धा रोडवर गावाबाहेर, त्यामुळे त्या कसोटीला स्टँड बरेच रिकामे होते. जे आले होते त्यांच्यातही सकाळी कुजबुज सुरू झाली की हे काय चाललंय. चेंडू टाकला, कॅटिचने सोडला, धोनीने पकडला. पुन्हा तेच.

पण एक गोष्ट टीव्हीवर दिसली नसेल ती सांगतो. कॅटिच उपाहाराच्या आधी अस्वस्थ झाला होता. आधल्या दिवशी जो माणूस लेग साइडला सहज एकेक धाव काढत होता, तो नॉनस्ट्रायकरशी सारखा बोलत होता, ग्लोव्हज काढत होता, घालत होता. आणि झहीरने त्याला पायचीत केलं. १०२ वर. बाहेर, बाहेर, बाहेर आणि मग एक आत. त्याला नुसतं नकारात्मक म्हणणं मला पटत नाही.

कव्हर_ड्राइव्ह

मी या धाग्यात विरोधी बाजू मांडणार आहे आणि मनापासून मांडणार आहे.

दिवसाला १६६ धावा हे कसोटी क्रिकेटचं भूषण नाही. ८-१ फील्ड लावून स्टंपपासून फूट-दीड फूट बाहेर टाकणं म्हणजे फलंदाजाला बाद करायचा प्रयत्न सोडून देणं. गोलंदाजाने स्टंपवर टाकावं, फलंदाजाने बॅट घालावी, त्यातून काय ते घडावं. आपल्याकडे हरभजन होता, अमित मिश्रा होता, झहीरचा जुना चेंडू रिव्हर्स होत होता. अशा माऱ्याने २ बाद १८९ वर हल्ला करायचा सोडून बाहेर टाकायचं?

२००१ मध्ये बंगळूरला इंग्लंडचा कर्णधार नासिर हुसेनने अ‍ॅश्ली जाइल्सला सचिनच्या लेग स्टंपबाहेर टाकायला लावलं, तेव्हा आपण सगळ्यांनी आरडाओरड केली होती. सचिन ९० वर यष्टिचीत झाला, कसोटीत पहिल्यांदाच. तेव्हा ते क्रिकेटच्या जिवावर उठणारं होतं आणि धोनीने केलं की ती चतुराई? एकच माप लावा.

पंचांचा_कौल

क्लब पातळीवर पंचगिरी करतो म्हणून नियमाच्या अंगाने थोडं.

लेग साइडला स्क्वेअरच्या मागे यष्टिरक्षक सोडून दोनपेक्षा जास्त क्षेत्ररक्षक उभे करता येत नाहीत. ऑफ साइडला असं बंधन नाही. नऊच्या नऊ तिकडे लावले तरी चालतं. म्हणजे ८-१ पूर्ण नियमात बसते.

आता वाइडचं. एकदिवसीय सामन्यात रेषा आखलेली असते, कसोटीत पंच बघतो की फलंदाजाला नेहमीच्या फटक्याने चेंडूपर्यंत पोचता आलं असतं का. फलंदाज स्वतः चेंडूच्या दिशेने सरकला तर वाइड द्यायचा प्रश्न आणखी मागे पडतो. आणि कॅटिच कसा खेळायचा आठवा. चेंडू पडायच्या आत ऑफ स्टंपच्याही पलीकडे सरकायचा आणि तिथून सगळं लेग साइडला वळवायचा. त्याचं बलस्थान तेच. धोनीने नेमकी त्याचीच सरकायची सवय वापरली : तू जितका सरकशील तितका चेंडू तुझ्या आवाक्यात, म्हणजे वाइड नाही, पण तुझा फटका लेग साइडला जाणार नाही. आणि एकदा चेंडू आत आला की तू स्टंपसमोरच उभा आहेस. कॅटिचचा पायचीत हा त्या आखणीतलाच होता.

जाइल्सचा मारा वेगळा होता. लेग स्टंपबाहेरच्या खडबडीत जागी टाकलेला डावखुरा फिरकी चेंडू फलंदाजाने पॅडने अडवला तर पायचीत होतच नाही, कारण टप्पा लेग स्टंपबाहेर असतो. म्हणजे बाद होण्याच्या एका वाटेवर गोलंदाजाने स्वतःच पाणी सोडलेलं असतं. ऑफ स्टंपबाहेर टाकताना तसं नसतं. स्लिपचा झेल आहे, यष्टिमागे झेल आहे, पायचीत आहे. दोन्हींना एका पारड्यात घालू नका.

दुसरी_स्लिप

पंचांचा_कौल यांचा प्रतिसाद उत्तम. एक भर : त्या दिवशी हसी ९० वर धावचीत झाला, विजयच्या फेकीवर. हेडनलाही विजयनेच धावचीत केलं होतं. धावा आटल्या की फलंदाज क्रीजमधून बाहेर डोकावायला लागतो. हसीसारखा शिस्तीचा माणूस ९० वर धावचीत होतो यात त्या कोंडमाऱ्याचा हात नाही असं कसं म्हणायचं? पाटी कोरी राहिली की चुका होतात. क्लार्कही ८ वर गेला.

कव्हर_ड्राइव्ह

तो कोंडमारा स्टंपवर टाकूनही करता येतो. मॅकग्राने आयुष्यभर तेच केलं, ऑफ स्टंपच्या टोकावर. तीन स्लिप आणि गली लावून.

दुसरी_स्लिप

मॅकग्रा ब्रिस्बेनला करायचा. नोव्हेंबरच्या नागपुरात, दोन दिवस जुन्या खेळपट्टीवर, जमलेल्या कॅटिच-हसीपुढे तीन स्लिप लावल्या असत्या तर कव्हर आणि मिडविकेट मोकळं पडलं असतं. आधल्या संध्याकाळी तेच झालं होतं. त्याच गतीने गेले असते तर चहापानापर्यंत ते आपल्या ४४१ च्या जवळ असते.

मैदान_क्रॉस

कर्णधाराचा निर्णय म्हटला की मुंबईतल्या आमच्या पिढीला वेस्ट इंडीज दौऱ्यातली किंग्स्टन १९७१ ची कसोटी आठवते, म्हणून थोडं अवांतर करतो.

पहिला दिवस पावसात वाहून गेला. भारत ५ बाद ७५ वरून सरदेसाईंच्या २१२ आणि सोलकरच्या ६१ मुळे ३८७ पर्यंत गेला. वेस्ट इंडीज २१७. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला (समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजी करायला लावायला) २०० ची आघाडी लागते, पण पहिला दिवस गेला की सामना चार दिवसांचा धरतात आणि १५० पुरते. हे आपले कर्णधार वाडेकर यांना ठाऊक होतं. ते सरळ वेस्ट इंडीजच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि त्यांचे कर्णधार सोबर्स यांना सांगितलं की तुम्हाला फॉलोऑन देतोय. सामना अनिर्णित राहिला. पण ज्या संघाला तोवर आपण एकदाही हरवलं नव्हतं, त्याला पुन्हा फलंदाजीला उतरवलं याचा परिणाम पुढच्याच कसोटीत दिसला. पोर्ट ऑफ स्पेनला आपण त्यांना पहिल्यांदा हरवलं आणि मालिकाही १-० ने घेतली.

सांगायचं कारण असं की किंग्स्टनला निकाल लागला नाही, तरीही तो आपल्या कर्णधाराने घेतलेल्या सर्वांत मोठ्या निर्णयांपैकी एक आहे. धागाकर्त्याचा पहिला मुद्दा मला म्हणूनच पटतो. आणि वाडेकरांना नियम पाठ होता, हेही लक्षात घ्या. धोनीलाही होता. पाँटिंगला तर नियमाने त्या दिवशी पछाडलं होतं.

यारा_काठ

मेलबर्नहून. पाँटिंगची बाजू कुणीतरी मांडायलाच हवी, मी प्रयत्न करतो.

तेव्हाच्या नियमानुसार षटकांची गती ठराविक मर्यादेपलीकडे मागे पडली की कर्णधारावर थेट बंदी यायची. सामना हातात असो वा नसो. ऑस्ट्रेलियाची पुढची कसोटी अवघ्या दहा दिवसांनी, २० नोव्हेंबरला ब्रिस्बेनच्या गॅबावर न्यूझीलंडविरुद्ध होती. संघ तेव्हा मोडकळीला आला होता. वॉर्न, मॅकग्रा, लँगर, गिलख्रिस्ट वर्ष-दोन वर्षांत गेलेले. अशा वेळी कर्णधाराने आपल्यावरची बंदी टाळणं हे संघहिताचंही असू शकतं. शिवाय षटकं वेळेत टाकणं ही कर्णधाराची जबाबदारी आहे, आणि सामन्यानंतर पाँटिंगने तीच भूमिका घेतली. त्याच्याच देशातल्या माजी खेळाडूंनी त्याला सोलून काढलं, पण तो ठाम राहिला.

आणखी एक. २५२ च्या आघाडीवर ६ बाद असताना हरभजन अर्धशतक करेल हे कोण सांगणार होतं? क्रेझाने पहिल्या डावात ८ काढले होते. खेळपट्टी फिरकीला मदत करत होती. चहापानानंतर फिरकीवर भर देणं हा तसा जगावेगळा निर्णय नव्हता.

ऑफस्टंप

यारा_काठ, तुम्ही नीट मांडलंत, म्हणून नीट उत्तर देतो.

क्रेझाला एका टोकाकडून ठेवणं योग्यच होतं. प्रश्न दुसऱ्या टोकाचा आहे. त्या डावात वॉटसनने ४२ धावांत ४ बळी घेतले. क्रेझाच्या ३१ षटकांत १४३ धावा गेल्या, म्हणजे षटकाला साडेचारहून जास्त. एका टोकाने फिरकी पटापट टाकत असेल तर दुसऱ्या टोकाने वॉटसन किंवा ली लावूनही गती बऱ्यापैकी सावरता येते. फिरकीचं षटक तीन मिनिटांच्या आत संपतं, वेगवान गोलंदाजाला चार-साडेचार लागतात. तासाला पंधराची सरासरी अशा जोडीने जवळपास गाठता येते. मागचा अनुशेष पूर्ण भरून निघाला नसता, हे मान्य. पण ६ बाद १६६ ला, समोर शेपूट (तळाचे फलंदाज), करंडक पणाला, आणि हातात दोन ताजेतवाने वेगवान गोलंदाज असताना हसीच्या मंद मध्यमगतीला चेंडू देणं? तेव्हा हरभजन नुकता आला होता. पहिल्या पाच षटकांत त्याच्या छातीवर चेंडू यायला हवे होते.

आणि बंदी आलीच असती तर काय झालं असतं? न्यूझीलंडविरुद्ध घरच्या मैदानावर एक कसोटी क्लार्कने सांभाळली असती. ती दोन कसोटींची मालिका ऑस्ट्रेलियाने २-० जिंकली. निकाल आधी माहीत नव्हता, पण गॅबावरचा न्यूझीलंड आणि नागपुरातला शेवटचा दीड दिवस यात कुठे कर्णधार जास्त लागतो हे ठरवायला निकालाची गरज नाही.

रेडिओवाली

मी तो सामना ऑफिसात चोरून स्कोअर बघत आणि घरी येताना रेडिओवर ऐकला. चहापानाला आमच्या अख्ख्या मजल्यावर सुतकी वातावरण होतं. सचिन धावचीत, गांगुली शून्यावर, द्रविड-लक्ष्मण एकेरी धावांवर. त्यानंतर हसी गोलंदाजी करतोय हे ऐकलं तेव्हा वाटलं, समालोचकाचं काहीतरी चुकतंय.

पण मला या चर्चेत हरभजनला त्याचं श्रेय मिळावं असं वाटतं. ५२ केल्या, आणि नंतर ६४ धावांत ४ बळी. याच कसोटीत त्याचे ३०० बळी पूर्ण झाले. धोनीच्या ५५. पहिल्या डावातही धोनीच्या ५६ होत्या. म्हणजे कर्णधाराने दोन्ही डावांत अर्धशतक केलं, तेही दोन्ही वेळा पडझडीच्या काठावर असताना. पाँटिंगने दार उघडं ठेवलं हे खरं, पण आत कुणीतरी जायला लागतं. अर्धवेळ गोलंदाजांना बाद होणारे आपल्याकडे कमी नव्हते.

सदरकर

रेडिओवाली, शंभर टक्के. आणि दुसऱ्या डावात पाँटिंग स्वतः कसा बाद झाला आठवतं का? ८ वर, मिश्राच्या थेट फेकीवर धावचीत. घाईची धाव. आदल्या दिवसाचं ओझं त्याच्या डोक्यावर होतं असं मला त्या क्षणी वाटलं आणि आजही वाटतं.

शेवटच्या काही षटकांत धोनीने गांगुलीला कर्णधारपद करायला दिलं. आमच्या स्टँडमध्ये लोक उभे राहिले होते. करंडक घ्यायला कुंबळेला पुढे बोलावलं. २००४ ला याच नागपुरात, जुन्या मैदानावर, हिरव्यागार खेळपट्टीवर ऑस्ट्रेलियाने आपल्याला ३४२ धावांनी चिरडलं होतं आणि पस्तीस वर्षांनी भारतात मालिका जिंकली होती. ते दुःख नागपूरकरांनी चार वर्षं वागवलं होतं. आमच्या गावच्या खेळपट्टीवर राग काढणारे लोक आम्हाला ट्रेनमध्ये भेटायचे. २००८ ला ते फिटलं.

पंचांचा_कौल

षटकांच्या गतीच्या नियमाबद्दल एक जोड द्यावीशी वाटते, कारण पाँटिंगवरची टीका नियमावर न जाता फक्त माणसावर जाते.

कर्णधारावर बंदी ही शिक्षाच विचित्र होती. गोलंदाज धिमे, सल्लामसलत सगळ्यांची, पाणी सगळे पितात, आणि भोगायचं एकाने. गांगुलीवरही २००५ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या एकदिवसीय मालिकेत अशीच बंदी आली होती. शिवाय शिक्षा पुढच्या सामन्यात व्हायची, म्हणजे चालू सामन्यात कर्णधाराच्या मनात दुसरा सामना घुसायचा. जामठ्याला नेमकं तेच झालं. २०१९ मध्ये कसोटी अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली तेव्हा हे बदललं. आता कर्णधारावर बंदी येत नाही, संघाचे गुण कापतात.

त्यातही दैव बघा. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला रहाणेच्या शतकावर आपण जिंकलो, त्याच कसोटीत धिम्या गतीसाठी ऑस्ट्रेलियाचे ४ गुण कापले गेले. त्या स्पर्धेच्या साउदॅम्प्टनमधल्या अंतिम सामन्याला न्यूझीलंड गेलं आणि ऑस्ट्रेलिया अगदी थोडक्यात मागे राहिलं.

दुसरी_स्लिप

त्या मेलबर्न कसोटीवर वेगळा धागा हवा. पहिल्या दिवशी पहिल्या तासात अश्विनला आणायचा रहाणेचा निर्णय, तोही आपण ३६ वर गारद झालो त्याच्या नंतरच्या सामन्यात. मुंबईच्या मातीतून आलेल्या कर्णधाराने पहिल्या तासात फिरकी आणली आणि स्मिथ शून्यावर गेला. त्यावर मी पाच पानं लिहू शकतो.

कव्हर_ड्राइव्ह

पाँटिंगबद्दल माझं धागाकर्त्याशी भांडण नाही. ते सत्र अक्षम्य होतं. माझं भांडण धोनीच्या सकाळबद्दल आहे, आणि ते अजून मिटलेलं नाही.

धोनीला बंदीचा प्रश्न पुढे स्वतः भेटलाच. जानेवारी २०१२, पर्थ. षटकांच्या धिम्या गतीमुळे त्याच्यावर बंदी आली आणि अ‍ॅडलेडला सेहवागने नेतृत्व केलं. तिथे तो पाँटिंगसारखं वागला नाही, हे त्याच्या बाजूने मी स्वतःच मांडतो. पर्थला वॉर्नर १८० मारत होता तरी मुख्यतः वेगवान गोलंदाजच चालू ठेवले.

पण डॉमिनिका २०११ चं काय? वेस्ट इंडीजविरुद्ध शेवटची कसोटी, मालिकेत १-० ने पुढे. ४७ षटकांत १८० हव्या होत्या. १५ षटकं शिल्लक, ८६ हव्यात, ७ गडी हातात, क्रीजवर द्रविड आणि लक्ष्मण. आणि धोनीने हात मिळवून सामना सोडला. जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या संघाने! नागपूरची ८-१ फील्ड आणि डॉमिनिकाचं हस्तांदोलन एकाच मनातून आलं. 'आपल्याला अनिर्णित पुरे' हे मन. नागपुरात ते जिंकलं म्हणून आपण त्याला डावपेच म्हणतो.

मैदान_क्रॉस

हाच प्रश्न ओव्हल २००७ ला द्रविडच्या बाबतीत आला होता. ६६४ विरुद्ध ३४५. ३१९ ची आघाडी असताना फॉलोऑन दिला नाही. मालिका १-० ने आपल्याकडे होती, गोलंदाज दमले होते, इंग्लंडमध्ये १९८६ नंतरचा पहिला मालिका विजय समोर होता. सामना अनिर्णित राहिला, मालिका आपली झाली. मला तो निर्णय तेव्हाही मान्य होता. झहीरला पुन्हा तीस षटकं पळवून काय मिळवायचं होतं? पण बऱ्याच लोकांनी द्रविडला अजून माफ केलेलं नाही.

ऑफस्टंप

कव्हर_ड्राइव्ह, डॉमिनिकाबद्दल मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. पण तो निर्णय आणि नागपूर एकाच मनातून आले हे मला मान्य नाही. फरक धोक्याचा आहे.

नागपुरात २ बाद १८९ ला मालिका खरोखर हातातून जाऊ शकत होती. कॅटिच-हसी दिवसभर टिकले असते तर ऑस्ट्रेलिया ५५० च्या पुढे जाऊन आपल्याला दीड दिवस फिरत्या खेळपट्टीवर ढकलू शकले असते. आणि दुसऱ्या डावातली आपली ५० धावांत ६ बळींची पडझड बघितली की ती भीती किती खरी होती ते कळतं. ती पडझड ८६ च्या आघाडीऐवजी १०० च्या पिछाडीवर झाली असती, अशी कल्पना करून बघा. धोनीने तो धोका धावांची वाट बंद करून कापला, आणि तसं करताना ८ बळीही मिळाले. म्हणजे त्याने जिंकायची वाट सोडली नाही, हरायची वाट आधी बुजवली.

डॉमिनिकात हरायची वाट उरलीच कुठे होती? सात गडी बाद व्हायला हवे होते, पंधरा षटकांत. दहा षटकं प्रयत्न करून बघायला काहीही लागत नव्हतं. चार गडी गेले असते तर उरलेल्या पाच षटकांना खाली खेळता आलं असतं. तिथे सावधपणाला कारण नव्हतं, म्हणून मी त्या निर्णयाला डावपेच म्हणणार नाही.

आणि ३८२ चं लक्ष्य म्हणजे सामना संपलाच असं समजणाऱ्यांसाठी : महिनाभरात चेन्नईला आपण इंग्लंडविरुद्ध चौथ्या डावात ३८७ काढल्या. सेहवाग ८३, सचिन नाबाद १०३. तोही धोनीच्याच नेतृत्वाखाली. म्हणून चहापानाच्या २५२ वरून ३६० पर्यंतचा तो प्रवास इतका मोलाचा.

यारा_काठ

चेन्नईचा मुद्दा माझ्या बाजूनेही वापरता येतो. तेव्हाच्या भारतीय खेळपट्ट्या पाचव्या दिवशीही खेळण्याजोग्या होत्या. हेडनने ७७ केल्याच. पाँटिंगला वाटलं असेल की ३०० पर्यंतचं लक्ष्य आपण काढू. त्यामुळे वीस-तीस धावा जास्त गेल्या तरी चालेल, षटकं भरून काढू. चूक झाली ती जोडी जमल्यावरही तो थांबला नाही ही. ३० ची भागीदारी झाली तेव्हा लीला आणायला हवं होतं. १०८ होईपर्यंत वाट बघणं, त्याला माझ्याकडेही उत्तर नाही.

रेडिओवाली

क्रेझाबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून लिहिते. पदार्पणात १२ बळी, ३५८ धावा. सामनावीरही तोच, हरलेल्या संघात असून. आणि त्यानंतर पर्थला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एक कसोटी, बस, कारकीर्द संपली. सेहवागसारख्यांनी मारलं तरी चेंडू हवेत ठेवत राहिला, उंची दिली. चहापानानंतर त्याच्यासोबत दुसऱ्या टोकाला दडपण ठेवणारं कुणी असतं तर त्याचे बळी वाढले असते आणि धावा निम्म्या झाल्या असत्या असं मला ठामपणे वाटतं. कर्णधाराच्या त्या सत्राची किंमत त्या पोराच्या आकड्यांनीही मोजली.

कव्हर_ड्राइव्ह

रेडिओवाली, हा मुद्दा फार चांगला.

ऑफस्टंप, तुमचा 'हरायची वाट आधी बुजवली' हा युक्तिवाद समजला. तरी उपाहारानंतर, कॅटिच गेल्यावर, ८-१ लगेच मोडून आक्रमक फील्ड का लावली नाही, हे मला अजून विचारायचं आहे. तेव्हा धोका बराच कमी झाला होता.

सदरकर

मोडली की. नवे फलंदाज येत गेले तसे जवळचे क्षेत्ररक्षक वाढले, फिरकी आली. विजय जवळ उभा होता म्हणूनच हसी धावचीत झाला ना. माझ्याकडे त्या दिवसाची तिकिटं आणि मागच्या बाजूला पेनने लिहिलेला सत्रागणिक स्कोअर आहे. रविवारी शोधून इथे टाकतो, मग तासागणिक बोलू.